प्रेस्बिटेरियन पाळक होताना

पाळक व्हायचं मनाशी ठरलं की बहुतेक जणी पहिली चौकशी करतात ती सेमिनरीच्या, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या, प्रवेशाची. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएमध्ये तिथून सुरुवात केली तर एखादं वर्ष फुकट जायची दाट शक्यता असते. प्रेस्बिटरी, म्हणजे एका भागातल्या चर्चची परिषद, तुमचं नाव ‘इन्क्वायरर’ (चौकशी करणारी) म्हणून नोंदवते त्या दिवसापासून इथली मुदत मोजली जाते. तिथून दीक्षेपर्यंत, म्हणजे विधिवत पाळक होईपर्यंत, किमान दोन वर्षं जावी लागतात आणि त्यातलं निदान एक वर्ष ‘कँडिडेट’ (उमेदवार) म्हणून. तीन वर्षांची पदवी हातात आल्यावर प्रेस्बिटरीचं दार ठोठावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अभ्यास पूर्ण, पण परीक्षेला बसायची परवानगी नाही आणि कामासाठी मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, शोधायला तर त्याहून उशीर.

नोंदणीच्याही आधी एक अट आहे. ज्या मंडळीकडून तुमचं नाव जाणार, तिथलं सभासदत्व हवं आणि तिथल्या उपासनेत व कामात किमान सहा महिने सक्रिय सहभाग हवा. सेमिनरी दुसऱ्या शहरात असली की सभासदत्वही तिकडे हलवायचा मोह होतो. तो टाळावा. जुन्या मंडळीतल्या वडिलांनी (‘एल्डर’, मंडळीने निवडलेले स्त्री-पुरुष पुढारी) तुम्हाला काम करताना पाहिलेलं असतं, आणि शिफारस त्यांनाच करायची असते. नव्या मंडळीत पुन्हा सहा महिने मोजावे लागतात, शिवाय ओळख कच्ची राहते ती वेगळीच.

हे ‘त्यांना’ कोण, ते नीट समजून घेतलेलं बरं. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून सेशन होतं. एका भागातल्या अनेक मंडळ्यांचे वडील आणि पाळक मिळून प्रेस्बिटरी. त्यावर सिनॉड, आणि सगळ्यात वर दर दोन वर्षांनी भरणारी जनरल असेंब्ली. बिशप नाही. त्यामुळे कुणा एका मोठ्या माणसाच्या मनात भरलं म्हणून दीक्षा होत नाही, आणि मनातून उतरलं म्हणून अडतही नाही. या परंपरेत पाचारण, म्हणजे या सेवेसाठी देवाचं बोलावणं, तीन ठिकाणी ऐकू यावं लागतं: तुमच्या मनात, तुमच्या मंडळीत आणि प्रेस्बिटरीत. पहिल्या आवाजाची खात्री तुम्ही घेऊन येता. पुढची सगळी प्रक्रिया उरलेल्या दोघांसाठी आहे. हे ज्यांच्या लक्षात येत नाही, त्यांना प्रत्येक फॉर्म हा अविश्वास वाटतो आणि प्रत्येक मुलाखत अपमान.

आणखी एक खुलासा. अमेरिकेत प्रेस्बिटेरियन नाव लावणारे सगळे एका संस्थेचे नाहीत. १९७३ साली वेगळं झालेलं प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका स्त्रियांना पाळकदीक्षा देत नाही. मी सांगते आहे ती वाट प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएची. हे चर्च १९८३ साली उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शाखा एकत्र येऊन झालं, मुख्यालय केंटकीतल्या लुईव्हिलला. इथेही दार एका दिवसात उघडलेलं नाही. उत्तरेकडच्या शाखेत स्त्रिया १९३०पासून वडील होऊ लागल्या. पाळक म्हणून पहिली दीक्षा मार्गारेट टाउनर यांना २४ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज इथे मिळाली. दक्षिणेकडे नियम १९६४ साली बदलला आणि पुढच्या वर्षी रेचल हेंडरलाइट यांची दीक्षा झाली. केटी जिनिव्हा कॅनन या उत्तरेकडच्या शाखेत दीक्षा मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, १९७४ साली. कंबरलँड प्रेस्बिटेरियन या निराळ्या शाखेत मात्र लुइझा वूस्ली यांना केंटकीतल्या एका प्रेस्बिटरीने १८८९मध्येच दीक्षा दिली होती, आणि त्यावरून पुढे कित्येक वर्षं वाद चालला. ही सनावळ पाठ करावी. जाहीर परीक्षेत कुणीतरी हमखास विचारतं.

आता कागदपत्रं. पहिला अर्ज सेशनकडे जातो. त्यात विश्वासाचा प्रवास, पाचारणाची जाणीव, शिक्षण, कामाचा अनुभव आणि सेवेचा अनुभव असे भाग असतात. अर्ज कमकुवत पडतो तो सहसा शेवटच्या भागात. ‘मला लोकांची सेवा करायला आवडतं’ हे वाक्य समितीने इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यावर त्यांची नजर ठरतच नाही. याउलट, डीकन म्हणून अन्नवाटपाचं काम केलं असेल तर ते कामाच्या भाषेत लिहावं. किल्ली कुणाकडे असायची, ऐनवेळी पुरवठा कमी पडला तेव्हा कुणाला किती द्यायचं हे कुणी ठरवलं, रागावून आलेल्या माणसाशी कोण बोललं, आणि तुमचा निर्णय चुकला तेव्हा कुणाला विचारलंत. या चर्चमध्ये डीकन हीसुद्धा दीक्षा घेऊन करायची सेवा आहे. आजारी, एकटे, अडलेले यांच्याकडे बघणं हे तिचं काम. ते काम आधी केलेली बाई समितीसमोर बसली की फरक कळतो. ती माणसांबद्दल बोलते, स्वतःबद्दल कमी.

सेशनची मुलाखत बहुधा प्रेमाने होते, कारण समोर ओळखीची माणसं असतात. धोका तोच आहे. ‘आपली मुलगी’ म्हणून डोळे झाकून दिलेली शिफारस पुढे उपयोगी पडत नाही. सेशन तुमच्यासाठी एक वडील संपर्कव्यक्ती नेमतं. या व्यक्तीने अडचणीचे प्रश्न विचारावेत, अशी स्वतःहून विनंती करावी. त्यानंतर प्रेस्बिटरीची पाळकीय तयारी समिती. इथे गुन्हेगारी नोंदींची तपासणी आणि गैरवर्तन प्रतिबंधाचं प्रशिक्षण होतं, आणि बहुतेक प्रेस्बिटऱ्या मानसशास्त्रीय मूल्यमापनही मागतात. त्यात ‘एमएमपीआय’सारखी शेकडो विधानांची चाचणी, मग मानसशास्त्रज्ञाची प्रदीर्घ मुलाखत. विधानांना साधी उत्तरं द्यावीत. आदर्श पाळक कशी असेल याचा अंदाज बांधून उत्तरं दिली की चाचणीतल्या पडताळणीच्या मोजपट्ट्या ते लगेच पकडतात आणि अहवालात ‘स्वतःला फार चांगलं दाखवण्याकडे कल’ अशी ओळ येते. ती ओळ नैराश्याच्या जुन्या इतिहासापेक्षा जास्त महागात पडते. उपचार घेतलेले असले तर सांगून टाकावं. समितीला लपवाछपवीची काळजी असते, उपचारांची नव्हे.

सेमिनरीची पदवी म्हणजे मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पूर्ण वेळ केली तर तीन वर्षं. पदवी नियमाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची हवी, म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सची मान्यता असलेली. प्रिन्स्टन, कोलंबिया, ऑस्टिन, लुईव्हिल, मॅकॉर्मिक या प्रेस्बिटेरियन परंपरेतल्या सेमिनऱ्या. दुसऱ्या परंपरेच्या सेमिनरीत गेलात तरी चालतं, पण मग आधी एक गोष्ट तपासावी: हिब्रू आणि ग्रीक, आणि त्या दोन्ही भाषांवर आधारलेले जुन्या व नव्या कराराच्या अर्थविवरणाचे वर्ग, हे सगळं गुणपत्रिकेवर दिसेल अशा रीतीने शिकवलं जातं का? अनेक सेमिनऱ्यांनी भाषा ऐच्छिक केल्या आहेत. प्रेस्बिटेरियन दीक्षेसाठी त्या ऐच्छिक नाहीत. दोन्ही भाषा एकाच वर्षी घेऊ नयेत. पहिल्या वर्षी हिब्रू, दुसऱ्या वर्षी ग्रीक, आणि मधल्या सुट्टीत रोज थोडं वाचन चालू ठेवायचं, कारण भाषा सहा महिने पडून राहिली की क्रियापदांची रूपं आधी विसरतात आणि परीक्षेत त्यांच्यावरच भर असतो.

मिरज, कोल्हापूर, सांगली भागातून आलेल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल आणि परकंही. तिकडच्या कित्येक मंडळ्यांचा उगम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमध्येच आहे. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्याच मिशनचं. पण १९७० साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालं आणि बिशप आले, त्यामुळे प्रक्रियेचा साचा वेगळा पडला. भारतात आधीच दीक्षा झालेली असेल तर इथे पुन्हा दीक्षा घ्यायची नसते. ती वाट दुसरी आहे आणि प्रेस्बिटरीच्या कार्यालयात पहिल्याच भेटीत ‘माझी दीक्षा झालेली आहे’ हे स्पष्ट सांगावं, नाहीतर चुकीचा फॉर्म हातात पडतो.

सेमिनरीच्या काळात ज्या गोष्टीने माणूस सगळ्यात जास्त बदलतो, ती वर्गात घडत नाही. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, सगळे जण सीपीई म्हणतात. एक युनिट म्हणजे ४०० तास. बहुतेक तास हॉस्पिटलच्या वॉर्डांत आणि उरलेले पर्यवेक्षक व सहविद्यार्थ्यांच्या गटात. उन्हाळ्यात पूर्ण वेळ केलं तर साधारण तीन महिन्यांत उरकतं. रात्रपाळी असते. अतिदक्षता विभागातून फोन येतो तेव्हा काय म्हणायचं हे कुणी शिकवून ठेवलेलं नसतं. बहुतेक प्रेस्बिटऱ्या निदान एक युनिट मागतात.

सीपीईचं मुख्य हत्यार म्हणजे व्हर्बॅटिम. एका भेटीतला संवाद आठवून, जसाच्या तसा, ओळींना क्रमांक देऊन लिहायचा. रुग्णाचं नाव बदलायचं. शेजारी स्वतःच्या मनात काय चाललं होतं ते लिहायचं. आणि गटासमोर ठेवायचा. एक नमुना पाहा, नवख्या विद्यार्थिनीच्या हातून उतरतो तसा (‘रु’ म्हणजे रुग्ण, ‘पा’ म्हणजे पाळक):

रु१: रात्रभर डोळा लागला नाही.
पा१: हॉस्पिटलात झोप येतच नाही. काळजी करू नका, देव आहे ना सोबत.
रु२: हं. बघू.
पा२: प्रार्थना करू या?
रु३: करा.

लिहिणारीला वाटतं, भेट छान झाली, प्रार्थनाही झाली. गट मात्र ‘हं. बघू’ या दोन शब्दांवर थांबतो. रात्रभर झोप का लागली नाही, हे कुणी विचारलंच नाही. कदाचित वेदना, कदाचित सकाळच्या तपासणीच्या निकालाची धास्ती, कदाचित शेजारच्या खाटेवरचा मृत्यू. ‘पा१’ने ते दार लावून टाकलं आणि ‘पा२’मधली प्रार्थना रुग्णासाठी नव्हती, खोलीतून बाहेर पडायची वाट होती. दुसऱ्या फेरीत तीच ओळ अशी लिहिली जाते: ‘रात्रभर?’ एवढंच, आणि मग गप्प बसायचं. पहिले दोन-तीन व्हर्बॅटिम सगळ्यांचेच असे उलगडले जातात आणि त्याचा रागही येतो. खोटा, सजवलेला संवाद लिहून आणणारीही असते; पर्यवेक्षकाला तो पहिल्या अर्ध्या पानात कळतो, कारण खऱ्या माणसांची वाक्यं अशी पूर्ण नसतात.

आता परीक्षा. पाच आहेत. पहिली बायबलच्या ओळखीची, १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, ७० बरोबर आले की उत्तीर्ण. ती सेमिनरीच्या पहिल्या वर्षातच देऊन टाकावी. जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या मुलीही इथे गडबडतात, कारण त्यांना गोष्टी माहीत असतात, त्या कोणत्या पुस्तकात आहेत ते नसतं. कोणता संदेष्टा कोणत्या राजाच्या काळात बोलला, कोणतं वचन गलतीकरांस पत्रात आणि कोणतं रोमकरांस पत्रात, असे प्रश्न असतात. प्रत्येक पुस्तकाची एका कार्डावर रूपरेषा लिहून काढायची, हा जुना उपाय अजूनही सगळ्यात चांगला.

उरलेल्या चार म्हणजे बायबलचं अर्थविवरण, ईश्वरविज्ञान, उपासना व संस्कार, आणि चर्चची राज्यव्यवस्था. यांना सहसा दोन वर्षांचा सेमिनरीचा अभ्यास झाल्यावर आणि समितीच्या परवानगीनेच बसता येतं. उत्तरपत्रिका देशभरातल्या प्रेस्बिटऱ्यांनी निवडलेले वाचक तपासतात. त्यात पाळक असतात तसे वडीलही, म्हणजे शिक्षक, वकील, परिचारिका असं कुणीही. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त क्रमांक. स्त्रियांच्या दृष्टीने या एका गोष्टीचं मोल मोठं आहे. निकाल ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’, टक्केवारी नाही.

नापास होण्याची कारणं बहुतेक वेळा ज्ञानाच्या अभावाची नसतात. प्रश्न प्रसंगाच्या रूपात येतो. समजा, एक आजी पाळकाला म्हणते: नातवाचा बाप्तिस्मा घरच्या घरी, फक्त कुटुंबासमोर करून द्या, मुलाचे आई-वडील कुठल्याच मंडळीचे सभासद नाहीत. अर्धे जण नियम लिहून मोकळे होतात: बाप्तिस्मा सेशनच्या मंजुरीने, पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, आणि सर्वसाधारणपणे मंडळीच्या जाहीर उपासनेत व्हायला हवा. उत्तर बरोबर, पण आजी कुठे आहे? दुसरे अर्धे आजीचं मन राखायला निघतात आणि सेशनला विचारायचंच विसरतात. वाचकाला दोन्ही हवं असतं. आजीला ही निकड का वाटली ते आधी ऐकायचं, आई-वडिलांना भेटायचं, बाप्तिस्म्यात मंडळीही वचन देते हे समजावायचं, आणि मग विषय सेशनपुढे न्यायचा. त्या क्रमाने लिहिलं की दीड पानातही उत्तर पुरतं.

अर्थविवरणाच्या परीक्षेला हाताशी पुस्तकं चालतात आणि वेळ तासांत नव्हे, दिवसांत मोजला जातो. इथे उलटा सापळा आहे. टीकाग्रंथांचे उतारे एकापुढे एक जोडत जाणं सोपं असतं, आणि वाचकाला तुमचं मत सापडत नाही. मूळ भाषेचं ज्ञान दाखवायचं म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेलं व्याकरण उतरवायचं नाही. एखाद्या क्रियापदाच्या काळामुळे वा वाक्यरचनेमुळे अर्थ नेमका कुठे वळतो, ते दाखवायचं, आणि तोच मुद्दा शेवटच्या उपदेशाच्या आराखड्यात वापरायचा. वर ग्रीक, खाली उपदेश आणि दोघांची भेटच नाही, अशा उत्तरपत्रिका परत येतात. राज्यव्यवस्थेच्या परीक्षेची तयारी करताना ‘बुक ऑफ ऑर्डर’, म्हणजे चर्चच्या नियमांचं पुस्तक, पाठ करायची नसते, त्यात काय कुठे आहे ते बोटांना ठाऊक असायला हवं. ईश्वरविज्ञानासाठी ‘बुक ऑफ कन्फेशन्स’मधले बाराही मतांगीकार, म्हणजे चर्चने स्वीकारलेली विश्वासाची निवेदनं, एकदा सलग वाचावेत. नायसीन मतांगीकारापासून २०१६ साली समाविष्ट झालेल्या बेलहार मतांगीकारापर्यंत. १९९१च्या विश्वासाच्या संक्षिप्त निवेदनात पवित्र आत्मा स्त्रियांना आणि पुरुषांना चर्चच्या सर्व सेवांसाठी पाचारण करतो असं स्पष्ट आहे. तुमच्या पाचारणावर कुणी शंका घेतली तर वाद घालण्यापेक्षा ही ओळ वाचून दाखवावी.

एकच परीक्षा पुन्हा पुन्हा अडत असेल तर प्रेस्बिटरी तीन-चतुर्थांश मतांनी सवलत देऊ शकते, पर्यायी मूल्यमापन करून. इंग्रजी ही दुसरी भाषा असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि समितीने ते आपणहून सुचवायची वाट पाहू नये.

दरवर्षी समितीशी एक सल्लामसलतीची बैठक असते. तिला औपचारिकता समजून जाणं ही सर्रास आढळणारी चूक. मागच्या वर्षी सुचवलेल्या गोष्टींचं काय झालं, हे लेखी घेऊन जावं. इन्क्वायररपासून कँडिडेट होण्याचा ठराव याच बैठकांतून तयार होतो, आणि शेवटचं मूल्यमापनही. ते झालं की तुम्ही ‘पाचारण मिळाल्यास दीक्षेसाठी परीक्षेला तयार’ ठरता. इथे पाचारण म्हणजे प्रत्यक्ष कामाचं बोलावणं. लक्ष द्या, अजूनही दीक्षा नाही. या चर्चमध्ये काम हाती नसताना दीक्षा होत नाही. ते काम मंडळीचंच असायला हवं असं मात्र नाही. हॉस्पिटलमधली चॅप्लेन (रुग्णांसाठी नेमलेली पाळक) किंवा बेघरांच्या निवाऱ्याची प्रमुख यांचं काम प्रेस्बिटरीने सेवाकार्य म्हणून मान्य केलं तर तेही चालतं. समाजसेवेकडे ओढा असलेल्या कित्येक स्त्रियांनी हीच वाट धरली आहे.

मंडळीत जायचं असेल तर चर्च लीडरशिप कनेक्शन या प्रणालीवर आपली माहिती भरायची. मंडळीची पाळक-निवड समिती तिथे आपली माहिती भरते, आणि जुळणी सुरू होते. मुलाखती, संदर्भांची चौकशी, तिसऱ्याच एखाद्या चर्चमध्ये उपदेश ऐकणं, मग मंडळीसमोर उपदेश आणि मतदान. कागदावर स्त्री-पुरुष भेद नाही. मुलाखतीत असतो. ‘मुलं लहान आहेत, जमेल का?’, ‘नवरा काय करतो?’, ‘आमच्या वयस्कर सभासदांना सवय नाही हो.’ पुरुष उमेदवाराला असं विचारलं जात नाही. यावर चिडून उत्तर देण्यापेक्षा कामाचा प्रश्न परत विचारावा: ‘आठवड्याला किती संध्याकाळी बैठका असतात? आणीबाणीत दुसरं कोण धावून जातं?’ समितीतली एखादी बाई तिथेच मान हलवते आणि विषय जागेवर येतो. मोठ्या मंडळीत असोसिएट, म्हणजे मुख्य पाळकाच्या हाताखालची, पाळक म्हणून जाताना आणखी एक नियम वाचून घ्यावा. असोसिएट पाळकाला त्याच मंडळीची पुढची मुख्य पाळक सहसा होता येत नाही. अपवादाला पुन्हा प्रेस्बिटरीची तीन-चतुर्थांश मतं लागतात.

पाचारणाच्या अटी वाचताना पगाराचा आकडा शेवटी पाहावा. आधी घरभत्ता. चर्च घर देत नसेल तर पगाराचा काही भाग घरभत्ता म्हणून ठरवता येतो आणि त्यावर आयकर लागत नाही, पण सेशनने तो ठराव वर्ष सुरू होण्याआधी, इतिवृत्तात, करायला हवा. मागाहून केलेला ठराव कर खातं मानत नाही. आणि सोशल सिक्युरिटीच्या दृष्टीने पाळक स्वयंरोजगारीत गणली जाते. म्हणजे १५.३ टक्के पूर्ण आपल्यालाच भरायचे, घरभत्त्यावरसुद्धा. चर्च तो कापून भरत नाही. पहिल्या वर्षी तिमाही आगाऊ कर भरायचा राहून गेला की एप्रिलमध्ये घाम फुटतो. धार्मिक विरोधाच्या कारणाने यातून बाहेर पडण्याचा एक फॉर्म आहे, ४३६१ क्रमांकाचा. पैसे वाचतात म्हणून भरायचा तो फॉर्म नाही. एकदा मंजूर झाला की माघार नाही आणि म्हातारपणी त्या सेवेचं पेन्शन व मेडिकेअर मोजलं जात नाही.

मंडळीचं मत मिळालं की प्रेस्बिटरीच्या सभेत जाहीर परीक्षा. विश्वासाचं निवेदन, साधारण एक पान, आधी छापून वाटलेलं असतं. तुम्ही ते वाचता आणि सभागृह प्रश्न विचारतं. कोणता मतांगीकार तुम्हाला सगळ्यात जड जातो? बालकांचा बाप्तिस्मा आणि नुसतं समर्पण यांत फरक काय? पूर्वनियोजनावर, म्हणजे कुणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे या मतावर, काय म्हणता? उत्तर लहान असावं. लांबलेल्या प्रत्येक उत्तरातून दोन नवे प्रश्न फुटतात. ‘मला अजून यावर विचार करायचा आहे’ हे उत्तर एकदा चालतं, तीनदा नाही. पुरे झालं असं कुणाला वाटलं की ते उठून ‘परीक्षा थांबवावी’ असा ठराव मांडतात, तुम्हाला बाहेर पाठवतात आणि मतदान होतं. बाहेरच्या बाकावर सोबतीला आपली संपर्कव्यक्ती असावी, एवढी सोय करून ठेवावी.

दीक्षाविधी प्रेस्बिटरीचा असतो, मंडळीचा समारंभ नव्हे. प्रेस्बिटरी त्यासाठी वडील आणि पाळकांचं एक कमिशन नेमते. रंग लाल, पवित्र आत्म्याचा. उभं राहून संविधानातल्या नऊ प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्यातले पहिले आठ वडिलांना आणि डीकनांनाही तेच विचारले जातात. लोकांची सेवा शक्ती, बुद्धी, कल्पकता आणि प्रेम यांनी कराल का, हा त्यांतला सगळ्यांच्या लक्षात राहणारा. मग गुडघे टेकायचे आणि हात ठेवून प्रार्थना. इथे दोन व्यावहारिक गोष्टी. गुडघ्याखाली उशी मागून घ्यावी, कारण प्रार्थना लांबते. आणि हात ठेवायला येणाऱ्यांपैकी बाहेरच्या वर्तुळातल्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं सूत्रसंचालकाने आधी सांगावं. नाहीतर पंचवीस-तीस माणसांचा भार एका डोक्यावर आणि मानेवर येतो. गाऊन शिवून घेताना खांद्याचं माप स्त्रीचं द्यावं, आणि माइकच्या पेटीसाठी आतून खिसा लावून घ्यावा, कारण तयार गाऊन पँटचा पट्टा गृहीत धरून शिवलेले असतात. साडीवर गाऊन घालणार असाल तर पदर आतल्या बाजूला पिना लावून पाठीवर सपाट करावा, नाहीतर गुडघे टेकून उठताना तो पायात येतो.

त्या दिवसानंतर तुमचं नाव मंडळीच्या सभासदयादीतून निघतं आणि प्रेस्बिटरीच्या यादीत जातं. ज्या मंडळीची पाळक, तिचीच सभासद नाही. ही व्यवस्था हेतुपुरस्सर आहे. मंडळी आणि पाळक यांच्यात बिनसलं तर निवाडा दोघांच्या बाहेरच्या परिषदेने करावा म्हणून.

पहिल्या काही आठवड्यांतच कुणीतरी दारात येतं: वीज कापली जाणार आहे, खोलीचं भाडं थकलंय. पाळकाच्या हाती मदतीचा एक छोटा निधी असतो. पैसे रोख द्यायचे नाहीत. वीज कंपनीच्या किंवा घरमालकाच्या नावाने थेट भरायचे, चेकवर दुसरी सही खजिनदाराची, आणि नोंदवहीत तारीख, रक्कम, कारण. नाव बंद लिफाफ्यात. हा शिरस्ता पाळला नाही की मदत खरी असूनही संशय उभा राहतो. अन्नवाटपात टीईएफएपी या गरजूंना अन्न पुरवणाऱ्या सरकारी योजनेचं धान्य येत असेल तर उत्पन्न किती हे घेणाऱ्याने स्वतः सांगितलेलं पुरतं, आणि प्रार्थनेला बसल्याशिवाय पिशवी मिळणार नाही अशी अट घालता येत नाही. प्रार्थना ठेवायची तर वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी, ज्याला हवी त्याच्यासाठी. उत्साही स्वयंसेवकांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. डब्यावरची ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ ही तारीख म्हणजे खराब होण्याची तारीख नव्हे, हेही. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा मात्र तारीख काहीही असो, टाकूनच द्यायचा.

आणि मंडळी सोडताना, मग ती बदलीने असो वा निवृत्तीने, नियम स्पष्ट आहे: तिथल्या सेशनच्या मॉडरेटरने (अध्यक्षाने) बोलावल्याशिवाय तिथलं लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी यांपैकी काहीही करायचं नाही. ज्यांच्या घरी तीस वर्षं गेलात त्यांचा फोन आला तरी. निवृत्त पाळकाचं प्रेस्बिटरीतलं मत शाबूत राहतं, आणि मंडळीला वाटलं तर ती ‘पाळक एमेरिटा’ (सन्माननीय निवृत्त पाळक) म्हणून ठराव करू शकते, प्रेस्बिटरीच्या संमतीने. त्या पदाला मान आहे, अधिकार नाही. निरोपाच्या रविवारआधीच मंडळीला हे पत्राने कळवावं आणि पत्राची प्रत नव्या पाळकासाठी कार्यालयात ठेवून जावी.